लाओसच्या फायलीतले दोन कागद

बुवापाडा, अंबरनाथ
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय मैत्रेयी,

जय भीम.

अकरा वर्षांनी लिहितोय. फोन केला असता, पण माझा नंबर तू ब्लॉक केलायस. आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देशील. पत्र मात्र फेकण्याआधी माणूस एकदा उघडतोच. म्हणून स्पीड पोस्ट.

आई बरी आहे. गुडघे गेले, एक कान गेला, जीभ शाबूत आहे. तुझी वहिनी अंजनी तिचं सगळं बघते. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या आता दोन गाड्या झाल्यात. पक्षात मी शहर उपाध्यक्ष आहे, हे तुला आईने सांगितलं असेलच. नसेल सांगितलं, तर तेही समजण्यासारखं आहे.

मुद्द्यावर येतो. परवा कैलासशेठनी पालेगावच्या ऑफिसात बोलावलं. शेठ आता पूर्वीसारखे नुसते नगरसेवक राहिलेले नाहीत. जिल्ह्याचं सगळं तेच बघतात आणि दिल्लीत त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, "राजा, तुझी बहीण राजदूत व्हायची आहे म्हणे. लाओसला. फाईल वर गेलीय." मला काहीच माहीत नव्हतं. तरी असं तोंड केलं की जणू तू मला रोज फोन करतेस.

बाहेर येऊन गाडीत बसलो आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. बुवापाड्यातली, म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकलेली आपली मैतू देशाची राजदूत. बाबा असते तर कारखान्याच्या गेटवर जाऊन पेढे वाटले असते.

पण एक अडचण आहे. त्या जागेसाठी दुसरंही नाव आहे. हेंद्रेपाड्याचे विष्णुपंत. बदलापूरच्या कॉलेजात शिकवायचे, आता सत्तरीला आलेत. तीस वर्षं पक्षाची पत्रकं, भाषणं, जाहीरनामे त्यांनीच लिहिले. शेठ म्हणाले, "राजदूत बहुतेक तुझ्या बहिणीसारखे परीक्षा देऊन आलेलेच असतात. पण मधूनमधून वरचे लोक आपला माणूस पाठवतात. या वेळी लाओसला आपला माणूस जावा असं चाललंय. तुझी बहीण आपली आहे की नाही, तेवढं कळलं पाहिजे."

म्हणून सांगतो, शेठना एक फोन कर. दोन गोड शब्द बोल. मुंबईला येशील तेव्हा एक पुष्पगुच्छ, एक फोटो. पाच मिनिटांचं काम आहे.

नगरपालिकेची निवडणूक कधीही लागेल. आपल्या वॉर्डातून यंदा माझं नाव पहिलं आहे. त्याचा वर लिहिलेल्या गोष्टीशी काही संबंध नाही.

तुझा,
दादा


बुवापाडा, अंबरनाथ
१० सप्टेंबर २०२४

मैत्रेयी,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. "आईच्या कानाला चांगल्या डॉक्टरला दाखव. खर्च मी पाठवते. पुष्पगुच्छ मी कुणाला देणार नाही. बाबांनी दिला नसता." खाली नाव पण नाही.

आईला डॉक्टरकडे नेलं. मशीन बसवायला तयार नाही. म्हणते, एका कानाने ऐकते तेच पुष्कळ आहे.

आता बाबांचा विषय तू काढलाच आहेस तर लिहितो. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी शेठना स्टेजवर बसवलं, म्हणून तू भर कार्यक्रमातून उठून गेलीस. ज्या माणसाच्या लोकांनी बाबांचा संप फोडला, त्यालाच आदरांजली वाहायला बोलावलं, असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. खोटं बोलली नाहीस. पण तू दुसऱ्या दिवशी विमानाने गेलीस. मला इथेच राहायचं होतं. बाबांच्या आजारात हॉस्पिटलमध्ये बेड शेठच्या एका फोनवर मिळाला होता. ड्रायव्हिंग स्कूलचं लायसन्स त्यांच्यामुळे मिळालं. गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, पोराला दाखला मिळेना, तर माणसं माझ्या दारात येतात आणि मी शेठच्या दारात जातो. याला तू लाचारी म्हणतेस. इथे त्याला निष्ठा म्हणतात, आणि तिच्यावरच कामं होतात. तुमच्या दिल्लीत वेगळं असतं का? वेगळं असतं तर विष्णुपंतांचं नाव तिथपर्यंत पोचलंच नसतं.

मी तुला मदत करायला गेलो होतो. तुला नको असेल तर राहिलं.

काल शेठच्या ऑफिसात बऱ्याच कागदांवर सह्या केल्या. वॉर्डातले लाइट, शौचालयाची दुरुस्ती, असंच आणखी काहीबाही. विशेष काही नाही.

राजरत्न


बुवापाडा, अंबरनाथ
६ ऑक्टोबर २०२४

मैत्रेयी,

हे पत्र तू फाडलंस तरी चालेल. पण मला ते लिहायचंच आहे.

मंगळवारी आईने हाक मारली. "मैतूने कागदाचा फोटो पाठवलाय. बारीक अक्षर आहे, मला दिसत नाही. वाचून दाखव." तिच्या फोनवर पाहिलं आणि कागद ओळखला. दिल्लीने तुझ्याकडे खुलासा मागितला होता, आणि त्याला जोडलेल्या तक्रारीची प्रत तू आईला पाठवली होतीस. एक शब्दही न लिहिता.

मी म्हणालो, "तिच्या प्रमोशनचं आहे. सगळं चांगलं लिहिलंय."

आई म्हणाली, "खाली सही कुणाची?"

"असेल कुणा साहेबाची."

"ती तुझी सही आहे. रेशन कार्डावर वीस वर्षं बघते मी. आता खरं वाच. मोठ्याने वाच, या कानाशी."

वाचलं. अंजनी दारात उभी होती. श्रीमती मैत्रेयी शेजवळ या घरात व बाहेर सरकारविरोधी बोलतात. त्यांचे वडील कै. रामभाऊ शेजवळ यांना आंदोलनांत अटक झालेली आहे. सबब त्यांची निष्ठा संशयास्पद असून अशा व्यक्तीस परदेशात देशाची प्रतिनिधी नेमणे धोक्याचे आहे. आपला नम्र, राजरत्न रामभाऊ शेजवळ, संबंधित अधिकाऱ्याचे सख्खे बंधू व शहर उपाध्यक्ष.

आईने रडारड केली नाही. विचारलं, "कै. म्हणजे काय?"

"कैलासवासी."

"आपल्यात कालकथित म्हणतात. म्हणजे हे तू लिहिलेलं नाहीस. लिहिलं असतंस तर म्हटलं असतं, रागात लिहिलं. दुसऱ्याने लिहून आणलं आणि बापाच्या नावाखाली तू नुसतं पेन फिरवलंस?"

मग तिने अटकेचं सांगितलं. नामांतराच्या आंदोलनात बाबा सत्तावीस दिवस आधारवाडीच्या जेलात होते. आई रोज कल्याणला जायची, तू कडेवर आणि मी तिचं बोट धरून. जेलच्या दारातला शिपाई विचारायचा, "कुणासाठी भांडतोय तुझा नवरा?" आई सांगायची, "या दोघांसाठी." हे मला आठवत होतं, मैतू. सही करताना पण आठवत होतं. ते वाक्य मी वाचलं होतं, आणि वाचून सही केली. कागदांच्या गठ्ठ्यात चुकून झाली, असं तुला लिहिणार होतो. तसं झालेलं नाही.

शेठ म्हणाले होते, "भावाचीच सही असली की वर कुणी दुसरं विचारत नाही. आणि वॉर्डाचं तुझं पक्कं समज." एवढंच बोलणं झालं. दहा मिनिटं पण लागली नाहीत.

आईने माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं. ती रोज बोलते. सकाळी चहा ठेवताना विचारते, "कागद परत घेतलास का?" जेवताना विचारते. बाहेर निघालो की विचारते. आवाज चढवत नाही. दूधवाला आला का विचारावं, तसं विचारते.

शुक्रवारी मी बदलापूरला विष्णुपंतांकडे गेलो. वाटलं होतं, त्या सज्जन माणसाला यातलं काही ठाऊक नसेल. त्यांना सांगावं, तेच शेठना थांबवतील. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं. टेबलावर लाओसचा नकाशा पसरलेला होता. मला बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "सबाईदी. म्हणजे नमस्कार. सध्या रोज दहा शब्द पाठ करतो."

मी म्हणालो, "सर, माझ्या नावाने बहिणीविरुद्ध एक तक्रार गेलीय."

"मसुदा माझाच आहे, राजा."

मी खाली बसलो. त्यांनीच पाणी दिलं. म्हणाले, "तुझ्या बहिणीबद्दल माझ्या मनात काही नाही. हुशार आहे, तिला आणखी दहा देश मिळतील. मला हे एकच. तीस वर्षं मी लिहिलं आणि दुसऱ्यांनी टाळ्या घेतल्या. तिने नोकरी केली, पगार घेतला. मी निष्ठा केली. निष्ठेला काही पगार असतो की नाही?"

"पण सर, तिथे जाऊन देशाचं काम करायचंय."

"काम तिथले अधिकारी करतात. मी भाषणं करीन." हे ते हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. आणखी पंधरा वर्षांनी मी कसा दिसेन ते मला त्या खुर्चीत दिसलं. कुणाच्या तरी दारात उभं राहून, माझी तीस वर्षं मोजा म्हणणारा.

जिना उतरून खाली आलो. माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर शेठचा फोटो चिकटवलेला आहे. तिथेच, हेंद्रेपाड्याच्या गल्लीत उभा राहून तो नखाने काढायला लागलो. अर्धाच निघाला.

माफी मागत नाही. आधी कागद परत घेतो.

दादा


बुवापाडा, अंबरनाथ
२१ ऑक्टोबर २०२४

मैत्रेयी,

सोबत प्रतिज्ञापत्राची प्रत जोडली आहे. एक तुझ्या कार्यालयाला रजिस्टरने गेली, एक खासदारांच्या कार्यालयाला, आणि एक मी स्वतःच्या हाताने शेठना दिली.

उल्हासनगरला कोर्टासमोर जे टायपिस्ट बसतात, त्यांच्यातल्या एका सिंधी म्हाताऱ्याकडे टाइप करून घेतलं. बहिणीबद्दल लिहायचंय म्हटल्यावर म्हणाला, "बोलो साईं, भाई-बहन का है? मतलब प्रॉपर्टी."

मी म्हणालो, "प्रॉपर्टी नाही. लाओस."

त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि टाइप करायला लागला. "मी दिनांक ९ सप्टेंबर रोजी सही केलेली तक्रार खोटी आहे. ती मी राजकीय लाभासाठी केली. माझी बहीण मैत्रेयी हिच्या तोंडून मी सरकारविरोधी काही ऐकलेले नाही, कारण अकरा वर्षे ती माझ्याशी बोललेलीच नाही. माझे वडील कालकथित रामभाऊ शेजवळ यांना झालेली अटक खरी आहे आणि आमच्या कुटुंबाला तिचा अभिमान आहे." इथे त्याची बोटं थांबली. म्हणाला, "साईं, चालीस साल से यहाँ बैठा हूँ. लोग आते हैं, लिखवाते हैं कि सामनेवाला झूठा है. मैं झूठ बोला, ऐसा लिखवानेवाला पहिला कस्टमर." पैसे घेताना मात्र त्याने एक रुपया सोडला नाही.

तिथून पालेगावला गेलो. नवीन टॉवरच्या खाली शेठचं ऑफिस आहे. चार-पाच जण बसले होते. मला एकट्याने भेटता आलं असतं, पण म्हटलं, सही चारचौघांत केली होती, मागे घ्यायची तीही चारचौघांतच.

शेठनी कागद वाचला. परत वाचला. म्हणाले, "राजा, डोकं ठिकाणावर आहे का? खोटी तक्रार केली असं तूच लिहून दिलंस. उद्या तुझ्यावरच केस होईल."

"होऊ दे."

"तुझ्या बहिणीने काय दिलं तुला आजपर्यंत? आणि मी काय दिलं, ते आठव."

"बाबांना बेड मिळवून दिलात शेठ. ते मरेपर्यंत विसरणार नाही. त्यासाठी कधीही हाक मारा, गाडी घेऊन येतो. पण त्या बेडच्या बदल्यात बहीण देता येत नाही."

"तिकिटाचं काय?"

"ते ठेवा तुमच्याकडे. उपाध्यक्षपदाचा राजीनामा मागच्या पानावर आहे."

शेठ रागावले नाहीत. माझ्याकडे असे बघत राहिले, जणू गाडी चालू आहे आणि ड्रायव्हरच उतरून गेलाय. मग म्हणाले, "जा." मी निघालो.

घरी आलो. आई दारातच होती. तिने विचारायच्या आधीच मी म्हणालो, "घेतला." ती म्हणाली, "हात धू. भाकरी गरम आहे."

याने तुझं काम होईल की नाही, मला माहीत नाही. उत्तर लिहू नकोस असंही म्हणत नाही.

दादा


बुवापाडा, अंबरनाथ
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मैतू,

तुझं उत्तर मिळालं. तीन पानं. शेवटचं पान अंजनीने आधी वाचलं, मग मी, मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने परत पहिल्यापासून वाचायला लावलं.

तुझ्या मोठ्या साहेबांचा किस्सा वाचून आम्ही तिघंही हसलो. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "यातला तुमचा खरा भाऊ कोणता?" आणि तू म्हणालीस, "दोन्ही माझेच आहेत, सर. दुसरा जरा उशिरा आला." आई म्हणते, हे उत्तर तू बापाकडून घेतलंस. मला वाटतं आईकडून.

तू लिहिलंस की चौकशी बंद झाली, पण नेमणुकीचं अजून काही कळत नाही. विष्णुपंतांचं नाव वर आहेच, आणि निर्णय तुझ्या साहेबांच्याही वरचे लोक घेणार. आणि हेही लिहिलंस, की देशाशी निष्ठा आणि माणसाशी निष्ठा यात फरक करायला तू पंचवीस वर्षं नोकरीत शिकलीस, आणि मी एका दुपारी शिकलो. ते खरं नाही. मला सहा आठवडे लागले, आणि शेवटी शेवटी रोज विचारायला आई होती.

इथलं खरं-खरं सांगतो. पक्षाच्या ओळखीने येणारे शिकाऊ ड्रायव्हर बंद झाले. एक गाडी नुसती उभी असते. जे रोज "राजाभाऊ" म्हणून चहा पाजायचे, ते आता रस्ता ओलांडून पलीकडे जातात. पहिला महिना जड गेला. संध्याकाळी सवयीने चप्पल घालायचो, आणि मग आठवायचं, जायचं कुठे? अंजनी म्हणाली, "बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही वेळेवर जेवायला घरी आहात. मला काय खायला घालायचं तेच सुचत नाही."

पण एक गंमत झाली. मागच्या आठवड्यात चाळीतल्या सगुणाबाई नातीच्या जातीच्या दाखल्यासाठी आल्या. मी म्हणालो, "मावशी, आता माझं शेठकडे चालत नाही." त्या म्हणाल्या, "मग तहसीलला चल. तुला फॉर्म भरता येतो ना?" गेलो. रांगेत उभे राहिलो. तीन फेऱ्या झाल्या, तीन आठवडे लागणार म्हणाले, पण पावती मिळाली. कुणाच्या चिठ्ठीशिवाय. आता त्यांच्यामागून आणखी चौघी आल्यात.

तुझा फोन आला तर उचलीन. नंबर तोच आहे.

दादा


बुवापाडा, अंबरनाथ
१५ एप्रिल २०२५

मैतू,

बातमी तू फोनवर सांगितलीस तेव्हा मी काय बोललो ते मला आठवत नाही. अंजनी म्हणते, मी "बरं, बरं" एवढंच म्हणत होतो आणि डोळे पुसत होतो. त्यानंतर इथे जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. बसून लिहायचं आहे.

शुक्रवारी पेपरात आलं. संध्याकाळपर्यंत स्टेशनाबाहेर पंधरा फुटी बोर्ड लागला. मध्ये कैलासशेठ, हात जोडून. वर रांगेने आठ नेते. तू खाली कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी. मजकूर असा: "कैलासशेठ यांच्या प्रयत्नांना यश. अंबरनाथची कन्या लाओसच्या राजदूतपदी." मी तो बघून घरी आलो आणि कुणाला काही बोललो नाही. चाळीतल्या बायकांनी आईला सांगितलं.

काल जयंती. विहारासमोर मांडव घातला होता, सगळा बुवापाडा जमलेला. पोरांनी तुझा मोठा फोटो काढून आणला होता, शाळेच्या गणवेशातला. आईला स्टेजवर खुर्ची दिली. भाषणं चालू असताना शेठ आले. शाल, श्रीफळ, बरोबर दहा माणसं आणि दोन कॅमेरे. थांबवायचं कुणाला सुचलं नाही. ते सरळ वर गेले, आईला शाल घातली, पायाला हात लावला, आणि माईक घेऊन म्हणाले, "या माउलीच्या लेकीसाठी मी दिल्लीपर्यंत शब्द टाकला."

आईने माईकसाठी हात पुढे केला. शेठना वाटलं, आभार मानणार. त्यांनी स्वतः तो तिच्या तोंडाशी धरला.

आई म्हणाली, "शेठ, तुम्ही आलात, बरं वाटलं. स्टेशनावर तुम्ही बोर्ड लावलाय की तुमच्या प्रयत्नाने झालं. तुमचे प्रयत्न मला माझ्या मुलाने घरी वाचून दाखवले. माझी लेक देशाला धोका आहे, असं त्या कागदात होतं. सही माझ्याच पोराची होती, ते लपवत नाही. मागे घेतली तीही त्यानेच. माझी पोरगी परीक्षा देऊन गेली. तुम्ही दिल्लीला शब्द टाकला, तो तिला पाडायला. तरी ती पडली नाही. एवढं मोठं काम तुमच्या हातून झालं नाही, तर बोर्डाचा खर्च का करताय? उतरवा तो."

मग बायकांच्या बाजूने सगुणाबाई उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळा मांडव उठला. मैतू, मी बाबांच्या सभा पाहिल्यात, शेठच्या सभांना ट्रक भरून माणसं नेली आहेत. असा आवाज कधी ऐकला नाही. मी खाली तिसऱ्या रांगेत होतो. माझी चोरी लाउडस्पीकरवरून सांगितली गेली होती, आणि बाजूच्या दोघांनी मला खांद्याला धरून उभं केलं. मला मान खाली घालावीशी वाटली नाही.

शेठ हसत हसत उतरले, काय करणार. जाताना माझ्यापाशी थांबले. "राजा, तुझी आई निवडणुकीला उभी राहिली तर मी पडेन," म्हणाले. शाल आईने परत केली नाही. म्हणते, उबदार आहे.

आज सकाळी स्टेशनावर गेलो. बोर्ड नव्हता, नुसते बांबू होते.

विष्णुपंतांना राज्याच्या कुठल्याशा समितीवर घेतलं, असं ऐकलं. त्यांना फोन केला. म्हणाले, "तुझ्या बहिणीला माझ्याकडचा लाओसचा नकाशा हवा असेल तर देतो. तिच्याकडे असेलच म्हणा." मी म्हणालो, कळवतो. त्यांच्याबद्दल मला राग येत नाही. का ते तुला सांगता येणार नाही.

तुझा,
दादा


बुवापाडा, अंबरनाथ
२० जुलै २०२५

मा. राजदूत मैत्रेयी रामभाऊ शेजवळ यांस,
जय भीम.

असं लिहायची हौस होती, ती भागली. आता नेहमीसारखं लिहितो.

काल पोस्टात लाओसच्या राजधानीचा, तुझ्या व्हिएन्तियानचा, टपालदर विचारायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने पत्ता दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, भारताच्या राजदूत... या तुमच्या कोण?" मी म्हणालो, "बहीण." तिने आतल्या साहेबांना बोलावलं, साहेबांनी पोस्टमनला बोलावलं. रांगेतली माणसं कुरकुरायची थांबली. पोस्टमन म्हणाला, "बुवापाड्यातल्या त्या ना? त्यांच्या परीक्षेच्या निकालाचं पत्र माझ्या बापाने तुमच्या घरी टाकलं होतं." खरं असेल का? तुझा निकाल पोस्टाने आला होता का? मला आठवत नाही. त्याला हो म्हणालो.

व्हिडिओ चाळीतल्या पोरांनी विहाराच्या भिंतीवर मोठा करून दाखवला. तू तिथल्या राष्ट्रपतींना अधिकारपत्र देतेस, तो. साडी आईच्या आवडीची, निळी. तू चालत पुढे गेलीस, थांबलीस, दोन्ही हातांनी कागद दिलास. भिंतीवर तू पुरुषभर उंच होतीस. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण आवाज ऐकू यायला हवा होता. तुझं "भारताच्या वतीने" ऐकलं आणि अंजनीने माझा दंड धरला. मग पोरांनी तेच सहा वेळा लावलं.

वॉर्डातली माणसं म्हणतात, अपक्ष उभा राहा. अजून ठरवलेलं नाही. सकाळी दोन तास तहसीलला जातो, दुपारी गाडी शिकवतो. दुसरी गाडी पण परत रस्त्यावर आली. शिकायला आता बायका जास्त येतात.

तू डिसेंबरात आम्हाला बोलावलंयस. आईचा पासपोर्ट काढायला टाकला. फॉर्म मीच भरला. ऑफिसातल्या माणसाने विचारलं, "वय एकोणऐंशी, पहिलाच पासपोर्ट? कुठे जाणार आजी?" आई म्हणाली, "लेकीच्या ऑफिसात."

खाली तिला स्वतःच्या हाताने लिहायचंय. प्रौढांच्या वर्गात शिकलेलं अक्षर आहे, वेळ लागेल. मी पेन देतो.

दादा

मैतू,
व्हिडीओ पाहिला. तू ताठ चाललीस. डाव्या पायाकडे साडी वर झाली होती. तिथे पिन लाव. बाकी सगळं बरोबर केलंस.
आई